घरातले विमान

भवानी पेठेतल्या मुलीने ‘मला विमान चालवायचे आहे’ असे म्हटले, की घरातली माणसे आधी हसतात आणि मग गप्प होतात. आमच्या घरीही तेच झाले. आमचा धाकटा भाऊ यंत्रमागावर टॉवेल विणतो. त्याच्या मुलीने बारावीनंतर हा विषय काढला, तेव्हा त्याने आम्हाला एवढेच विचारले, "भाईजान, खर्च किती?"

खर्च आम्ही काढला. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी प्रत्यक्ष उड्डाणाचे 200 तास लागतात. बारामतीला शिका नाहीतर गोंदियाला, हिशेब 40-50 लाखांच्या घरात जातो. घर विकायचे म्हटले तरी पोरीला हे जमेल की नाही, ते पैसे भरल्यावरच कळणार! म्हणून आम्ही जुन्या बाजारातून एक संगणक आणि जॉयस्टिक आणली. त्यावर मायक्रोसॉफ्टचे 2006 सालचे ‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स’ बसवले. नवी आवृत्ती त्या यंत्राला पेलणारी नव्हती.

हा खेळ नव्हे, हे आम्हाला वाचून कळले. अमेरिकेत एडविन लिंक नावाच्या तरुणाने 1929 साली असे पहिले शिकाऊ विमान जमिनीवर बांधले. त्याच्या वडिलांचा वाद्यांचा कारखाना होता. बाजाच्या पेटीत असतो तसा भाता वापरून त्याने ते विमान डोलते केले. लोकांनी ते जत्रेतल्या पाळण्यासारखे वापरले. 1934 साली टपाल नेणारे लष्करी वैमानिक खराब हवेत मरू लागले, तेव्हा लष्कराने त्याची 6 यंत्रे विकत घेतली.

खरी अडचण वेगळीच होती. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्लेखोरांपैकी काहींनी अमेरिकेत सिम्युलेटरवर सराव केला होता. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने आपल्या सिम्युलेटरमधून न्यूयॉर्कचे जुळे मनोरे पुसून टाकले. मनोरे पुसले, संशय मात्र राहिला. रात्री पडद्यावर विमान दिसले, की आमची अम्मी उठून म्हणायची, "खिडकी बंद कर बेटा. लोगां क्या समझेंगे?" शिकणाऱ्या पोरीने अभ्यास लपवून करायचा, याचे आम्हाला फार वाईट वाटले. आम्ही खिडकी उघडी ठेवली. आठवडाभरात शेजारच्या पद्मशाली घरातली मुले येऊन बसू लागली. एक जण कंट्रोल टॉवर होई, दुसरा तपासयादी मोठ्याने वाची. अम्मी त्यांना चहा देऊ लागली.

पोरगी काय शिकली? वेग, उंची, दिशा दाखवणाऱ्या सहा घड्याळांवरून नजर सतत फिरती ठेवायची. एकाच काट्यावर डोळा खिळला, की दुसरा बिघडतो. हे ऐकून भाऊ म्हणाला, "हे तर आमचंच काम. चार माग चालवणारा एकाच मागाकडे बघत बसला, तर बाकीच्यांवर धागा तुटतो." त्या दिवसापासून तो तिच्यामागे खुर्ची टाकून बसू लागला.

काय शिकता येत नाही, तेही सांगितले पाहिजे. खुर्ची हलत नाही, पोटात गोळा येत नाही, वाऱ्याचा धक्का अंगाला लागत नाही. शिवाय घरी शिकलेला विद्यार्थी बाहेर बघण्याऐवजी काट्यांकडेच बघत राहतो, अशी प्रशिक्षकांची तक्रार असते. आणि घरच्या संगणकावरचा एक तासही लॉगबुकात धरला जात नाही. त्यासाठी सरकारमान्य यंत्रच लागते.

सोलापूरच्या होटगी रोडच्या विमानतळावरून 9 जून 2025 पासून गोव्याला विमान जाऊ लागले. त्याआधी, 15 जून 2023 ला, तिथली साखर कारखान्याची चिमणी पाडावी लागली. त्या वादात कित्येक वर्षे गेली. पडद्यावरचा मनोरा एका झटक्यात पुसता येतो. खऱ्या वाटेतल्या चिमण्यांना वेळ लागतो, हे सोलापूरकरांना सांगायला नको.

पोरगी सध्या हवामानशास्त्र आणि नेव्हिगेशनच्या पेपरांचा अभ्यास करते आहे. पैशांचा प्रश्न सुटलेला नाही. आम्ही शिष्यवृत्त्या आणि कर्जाच्या कागदांमागे फिरतो आहोत. पण आता भाऊ ‘जमेल का?’ असे विचारत नाही. ‘कधी?’ असे विचारतो. गरिबाच्या घरात एवढा फरक पडायलाही पिढी जाते. आमच्याकडे तो एका जुन्या संगणकाने पाडला.