गठ्ठ्यातले पाच

पाच मॉपचा, म्हणजे पोटातलं रक्त टिपायच्या गॉजच्या घड्यांचा, एक गठ्ठा. मधोमध गॉजच्याच पट्टीची गाठ. शस्त्रक्रिया सुरू होण्याआधी ही गाठ सोडायची, एकेक मॉप सुटा करायचा, दोघींनी मिळून मोठ्याने मोजायचा आणि मगच फळ्यावर आकडा लिहायचा. सत्तावीस वर्षं मी सिस्टर म्हणून ऑपरेशन थिएटरमध्ये उभी आहे, त्यातली शेवटची अकरा नाशिकजवळच्या दिंडोरीत. नवी मुलगी कामाला लागली की हत्यारांची नावं मी तिला दुसऱ्या दिवशी शिकवते. पहिल्या दिवशी गाठ सोडायला शिकवते.

का, ते सांगायचं तर आधी माझी चूक सांगावी लागेल.

तेव्हा मी दुसऱ्या जिल्ह्यात, एका मोठ्या दवाखान्यात होते. रात्री अडीचला सिझरची बाई आली. बाळाचे ठोके उतरत होते. अशा वेळी बाळ बाहेर येईपर्यंतचं एकेक मिनिट प्रत्येकाच्या डोक्यात वाजत असतं. मी निर्जंतुक मॉपचा ड्रम उघडला, चार गठ्ठे काढून ट्रॉलीवर ठेवले आणि फळ्यावर लिहिलं : २०. गाठी मोजल्या, मॉप मोजले नाहीत. बाळ रडलं. रक्त जरा जास्त गेलं, तेही आटोक्यात आलं. पोट शिवण्याआधी मोजणी केली, वीस भरले. डॉक्टरांनी विचारलं, "काउंट?" मी म्हटलं, "बरोबर आहे." माझा आवाज खणखणीत होता, हे अजून आठवतं.

ती बाई पाच आठवड्यांनी ताप आणि पोटात गोळा घेऊन परत आली. पोट पुन्हा उघडावं लागलं. आत मॉप होता. एका गठ्ठ्यात पाचाऐवजी सहा बांधले गेले होते. टेबलावर एकवीस आले, मी वीस मोजले आणि निर्धास्त झाले. बाई वाचली. तिचं ते बाळ आता कॉलेजात जात असेल.

चूक माझी होती आणि ती मी तेव्हाच कबूल केली. पण मला जास्त छळतं ते नंतर कळलेलं. गठ्ठे बांधणाऱ्या मावशींना शंका आली होती. बांधायला बसल्या असताना कुणीतरी हाक मारली, त्या उठून गेल्या, परत आल्या तेव्हा हातातल्या गठ्ठ्यात किती झाले होते ते नीट आठवेना. सकाळी त्यांनी हे वॉर्डबॉयला सांगितलं. त्याने कुणाला सांगायचं? मोठ्या डॉक्टरांना? मला तरी? पाच आठवडे ती गोष्ट त्याच इमारतीत होती. झाडू मारताना, चादरी बदलताना ती दोन माणसांच्या बरोबर फिरत होती. माझ्यापर्यंत यायला तिला वाट नव्हती.

दिंडोरीत आमचं थिएटर एक आणि टेबलही एकच. सिझर, हर्निया, अपेंडिक्स, गर्भपिशवी. द्राक्षाच्या हंगामात पेठ-सुरगाण्याकडची माणसं छाटणीला, विरळणीला इकडच्या बागांत येतात; त्यांची पिकअप उलटली की एका संध्याकाळी चार-चार मोडलेले हातपाय. रक्ताची पिशवी नाशिकहून येते. भूलतज्ज्ञही नाशिकहून येतात, एका दिवसात तीन दवाखाने करतात, आज एक तर उद्या दुसरे. म्हणजे ज्यांच्या हातात रुग्णाचा श्वास असतो, त्यांना आमची कपाटं माहीत नसतात आणि आमची नावंही.

इथे आले तेव्हा पहिली केस नऊची लिहिलेली असायची आणि सुरू व्हायची साडेदहाला. आमच्या सर्जन सरांना वाटायचं, आमचे हात हळू चालतात. मी एक वही केली. प्रत्येक केस किती वाजता लिहिली होती, किती वाजता लागली, मध्ये कशासाठी थांबलो. दोन महिन्यांनी वही चाळली तर हातांचा वेग त्यात कुठेच सापडेना. सगळीकडे शोधाशोध. पाठीतून भूल द्यायची, स्पायनलची बारीक सुई संपली होती. साडेसात नंबरचे हातमोजे खालच्या मजल्यावर राहिले होते. सक्शनची नळी चिरलेली निघाली. रक्ताचा रिपोर्ट नातेवाइकाच्या खिशात होता आणि नातेवाईक चहाला गेला होता. जनरेटरमध्ये डिझेल आहे का, हे वीज गेल्यावर विचारलं गेलं होतं. उपाय वेगळा शोधावा लागला नाही. उद्याची ट्रॉली आज संध्याकाळी लावायची, प्रत्येक सर्जनला काय लागतं त्याचं एक कार्ड करायचं, आणि दिव्यापासून सक्शनपर्यंत सगळं संध्याकाळीच चालवून बघायचं. दुपारी तीनपर्यंत रेंगाळणारी यादी जेवणाआधी आटपू लागली. उपाशीपोटी वाट बघणाऱ्या माणसाला हा फरक फार मोठा असतो. सकाळपासून पाण्याचा घोट न घेतलेल्या म्हाताऱ्याला "अजून थोडं थांबा" म्हणणं मला कधीच जमलं नाही.

पण वेग हा शब्द मी जपून वापरते. तरुणपणी कुटुंब नियोजनाच्या शिबिरांत मीही उभी राहिले आहे. एक बाई उतरते, दुसरी चढते, दुर्बीण द्रावणात बुडवली न बुडवली तोच पुन्हा हातात. तेव्हा आम्ही आकडा अभिमानाने सांगायचो. ८ नोव्हेंबर २०१४ ला छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ एका शिबिरात एका सर्जनने काही तासांत ८३ बायकांच्या शस्त्रक्रिया केल्या. तेरा जणी गेल्या. संशय औषधांवरही घेतला गेला. मला मात्र तो ८३ चा आकडाच पुरेसा वाटला. त्या घाईत दुर्बीण कितीदा आणि कशी धुतली गेली असेल, हे त्या कामात राहिलेल्या कुणालाही डोळ्यांपुढे आणता येईल. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितली. ती बातमी मी दोनदा वाचली. त्या बायका माझ्या टेबलावरच्या बायकांसारख्याच होत्या, शेतातून आलेल्या, "लवकर होईल ना?" एवढंच विचारणाऱ्या.

अशा घाईला थांबे घालणारी सुरक्षित शस्त्रक्रियेची यादी जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये काढली. कलमं १९. तीन ठिकाणी थांबून ती मोठ्याने बोलायची : भूल देण्याआधी, कातडीला सुरी लागण्याआधी, आणि रुग्ण थिएटरबाहेर जाण्याआधी. हे काम ज्यांच्या पुढाकाराने झालं ते बोस्टनचे सर्जन डॉ. अतुल गावंडे. त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडकडच्या उटी गावचे, हे कळल्यावर मला ती यादी उगाच घरची वाटू लागली. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, त्यात दिल्ली होती, टांझानियातलं इफाकारा होतं, लंडन आणि सिअॅटलही होतं. जानेवारी २००९ मध्ये निष्कर्ष छापून आला. मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं, गुंतागुंतीचं ११ वरून ७ वर. यादीत नवं औषध किंवा नवी शस्त्रक्रिया काहीच नव्हती.

आणि तरीही २०१४ मध्ये कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताचा अभ्यास आला. १०१ रुग्णालयं. यादी लागू झाल्यावर मृत्यूत आणि गुंतागुंतीत म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. अनेकांना याचं आश्चर्य वाटलं, मला वाटलं नाही. आदल्या संध्याकाळीच सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा करून ठेवलेले फॉर्म मी डोळ्यांनी पाहिले आहेत. चार गाठी बघून वीस लिहिणं आणि फॉर्म आधी भरून ठेवणं, एकाच जातीची गोष्ट आहे. कागद बरोबर असतो.

आमच्याकडे यादी लावली तेव्हा एका कलमावर सर अडले. सुरीआधी सगळ्यांनी आपलं नाव आणि काम सांगायचं. सर म्हणाले, "सिस्टर, रोज तीच माणसं. एकमेकांना नावं काय सांगायची?" मी म्हटलं, "सर, नावासाठी नाही. ज्याने एकदा तोंड उघडलं त्याला दुसऱ्यांदा उघडणं सोपं जातं." त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "बरं, पण मावशी कशाला?"

आपल्याकडे दवाखान्यात हाका नात्याने मारतात. मावशी, मामा, सिस्टर, दादा. यात माया आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्या मायेखाली माणूस झाकूनही जातं. मावशीला "पाणी आण" म्हणता येतं, "तुम्हाला काय वाटतं?" असं कुणी विचारत नाही. त्या जुन्या दवाखान्यातल्या मावशींचं नाव मला आजही माहीत नाही. सरांना मी ती एकवीस मॉपची हकीकत तेव्हा पहिल्यांदा सांगितली. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून आमच्या मावशी दाराशी उभ्या राहू लागल्या.

पहिले काही दिवस पदर तोंडावर धरून नाव सांगायच्या, तेही अर्धं. मग हळूहळू वाक्य पुरं झालं. आता पूर्ण नाव सांगतात आणि पुढे म्हणतात, "ड्रम काल म्या लावला. आठ गठ्ठे, पाच-पाचाचे." नाशिकहून आलेले भूलतज्ज्ञ आपलं नाव सांगतात, रक्तदाब पडला तर कोणतं औषध भरून ठेवलंय ते सांगतात. सर सांगतात, किती वेळ लागेल, कुठे अडेल असं वाटतं. या सगळ्याला मिनिटभर लागतं, फार तर दीड.

रुग्णाशी बोलण्याची रीतही आम्ही बदलली. "तू अमुक ना?" असं विचारलं तर घाबरलेलं माणूस हो म्हणतं, दुसऱ्याच्या नावालाही. म्हणून विचारायचं, "तुझं नाव सांग. कशाचं ऑपरेशन आहे?" डावं-उजवं शब्दावर सोडायचं नाही. "दुखतं तिथे हात ठेव" म्हणायचं आणि तो हात तिथे असतानाच मार्करने खूण करायची. एकदा द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये काम करणारी बाई गर्भपिशवीच्या ऑपरेशनला आली. आमच्या टोप्या आणि हातमोजे बघून म्हणाली, "आमच्याकडंबी आसंच आसतं." निर्यातीच्या द्राक्षाची नोंद शेतमालाची निर्यात बघणाऱ्या अपेडाच्या ग्रेपनेटवर होते, परदेशात पेटीत खोट निघाली तर थेट बागेपर्यंत माग लागतो, हे तिने मला समजावून सांगितलं. स्पायनलमुळे ती जागी होती. पिशवी तपासणीला पाठवायच्या बरणीवर नाव लिहून मी मोठ्याने वाचलं, तर पडद्यापलीकडून तिचा आवाज आला, "बराबर हाये." तेव्हापासून जागा असलेल्या रुग्णाला मी बरणीवरचं नाव वाचून दाखवतेच.

डॉ. गावंडे यांनी 'बेटर' या पुस्तकात नांदेडच्या सरकारी रुग्णालयातल्या सर्जनांबद्दल लिहिलंय. दिवसभराच्या गर्दीतून थोडा वेळ काढून ते समोरच्या टपरीवर चहाला जमायचे आणि त्या दिवशीच्या केसेसवर बोलायचे. आमच्याकडे दिवसाच्या केसेस संपल्या की चहा थिएटरच्या बाहेरच्या खोलीत होतो, त्यात वॉर्डबॉय आणि मावशीही असतात. आज काय अडलं, एवढंच बोलायचं. कुणाची तक्रार करायची नाही, हे ठरलेलं असूनही पहिल्या वर्षी ती होतच राहिली, कारण माझ्या वहीत शेवटचा रकाना होता : कोणामुळे.

हिवाळ्यातली गोष्ट. हर्नियाची केस होती. तरणा शेतकरी, गोडी छाटणी उरकून आलेला, बागेत घड बुडवायची, डिपिंगची कामं अडलेली. घरच्यांना त्याला लवकर परत न्यायचं होतं. त्या दिवशी नाव सांगून झाल्यावर मावशी थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "सिस्टर, गठ्ठा वलसर लागला मला. ड्रम उचलताना खाली पानी व्हतं."

ड्रम म्हणजे आमचं स्वयंपाकघर. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांची वाफ प्रत्येक घडीत शिरली पाहिजे. ड्रम कोंबून भरला की वाफ मध्ये पोचत नाही, आणि नीट सुकू दिला नाही की आत पाणी राहतं. ओल्या कापडातून जंतू बाहेरून आत येतात. ओला गठ्ठा निर्जंतुक धरायचा नाही. बाहेरच्या टेपवर काळे पट्टे उमटलेले होते. टेप एवढंच सांगते की गरम झालं होतं. मी हातमोजा घातलेल्या बोटांनी वरचा गठ्ठा दाबला, मला तो कोरडाच वाटला. मधला दाबला, तेव्हा गारवा लागला.

दुसरा ड्रम तयार नव्हता. भूलतज्ज्ञांना एकला नाशिकच्या केसला पोचायचं होतं. स्पायनल अजून दिलेलं नव्हतं, एवढं बरं. सरांनी घड्याळाकडे पाहिलं, मग मावशींकडे पाहिलं आणि हात खाली घेतले. "नवा लावा," म्हणाले. भूलतज्ज्ञांनी नाशिकला फोन करून उशीर कळवला. बाहेर नातेवाईक चिडले, "आधी का नाही बघितलं?" असं म्हणाले, आणि ते खरंच होतं. सव्वा तास गेला. नंतर केस सरळ झाली. जखम स्वच्छ भरली. त्या ओल्या गठ्ठ्याने काही झालं असतं की नसतं, हे कुणालाच कधी कळणार नाही.

संध्याकाळी चहाच्या आधी वही उघडली. वेळ लिहिली, थांबण्याचं कारण लिहिलं : ड्रम ओला. शेवटच्या रकान्याशी आले तेव्हा पेन थांबलं. पट्टी घेऊन 'कोणामुळे' हा शब्द खोडला आणि वर लिहिलं : 'कोणी सांगितलं'. मग मावशींना आत हाक मारली आणि आडनावाचा पहिला उकार ऱ्हस्व की दीर्घ, ते विचारून घेतलं.