तोरणमाळला अडलेला एक दिवस

तापीकाठच्या काळ्या जमिनीवर पाऊस येतो आणि जातो. सातपुड्यात मात्र तो मुक्काम करतो. समुद्रसपाटीपासून सुमारे १,१५० मीटर उंचीवरचे तोरणमाळ हे खानदेशाचे हक्काचे थंड हवेचे ठिकाण. पूर्वी ते धुळे जिल्ह्यात होते. १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात मोडते. शहाद्याकडून घाट चढून वर आले की यशवंत तलाव, गोरक्षनाथांचे मंदिर आणि सीताखाईची खोल दरी पाहण्यासाठी प्रवाशांची पावले वळतात. श्रावणात धुके उतरले की यांपैकी काहीही दिसत नाही.

स्वातंत्र्यदिनाला जोडून आलेल्या सुट्टीत जळगावचे एक जैन व्यापारी कुटुंब येथे आले होते. धडगावच्या बाजारात आमचुराची खरेदी करताना जुळलेल्या ओळखीतून एका पावरा शेतकऱ्याच्या घरी त्यांचा मुक्काम होता. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून झड लागली आणि सीताखाईचा बेत राहून गेला.

घर सागाच्या खांबांचे, बांबूच्या विणलेल्या भिंतींना मातीचा लेप दिलेले. पाहुण्यांचा चातुर्मासाचा नेम यजमानांना ठाऊक होता: कंदमुळे नाहीत, पालेभाजी नाही, पाणी उकळलेले आणि जेवण सूर्यास्तापूर्वी. दिवसभर सूर्य दिसला नाही, म्हणून घड्याळ पाहून चूल लवकर पेटवली गेली. डाळ पाहुण्यांनी आपल्या भांड्यात शिजवली. मक्याच्या भाकरी घरच्या सुनेने थापल्या. पावसाळ्यात डोंगरावर सुके सरपण धान्याइतकेच जपावे लागते. चुलीजवळचा ढीग उतरताना पाहून शेठाणींनी आंघोळीचे पाणी तापवू दिले नाही.

दुपारी यजमानांनी घरखर्चासाठी ठेवलेल्या आमचुराची पिशवी उघडली. काही फोडी पांढऱ्या, काही काळवंडलेल्या. उन्हाळ्यात कच्चे आंबे उतरवायचे, साली काढायच्या, फोडी करून खडकांवर वाळवायच्या. हे बहुतेक काम घरातील स्त्रियांचे. आंबटाने त्यांची बोटे सोलवटतात. शेठजींनी आजवर केवळ माल पाहिला होता. काळ्या फोडीला भाव कमी, हा बाजाराचा नियम ते वर्षानुवर्षे पाळत आले होते.

“झाड एकच, मेहनतही तीच,” यजमान म्हणाले. “मध्ये वळवाचा एक पाऊस पडला, एवढंच.”

गिऱ्हाईक पांढराच माल मागते. तो भाव एकट्या शेठजींच्या हाती नव्हता. माल झाकण्याची सोय मात्र त्यांच्या हाती होती. पुढच्या हंगामापूर्वी ताडपत्री पाठवतो, असे ते म्हणाले.

“पाठवा, शेठ. पण तिचे पैसे मालाच्या भावातून कापू नका.”

घरात क्षणभर शांतता पसरली. खोट्या मापाने घेणे-देणे हा अचौर्य अणुव्रताचा अतिचार होय, हे शेठजींना पाठ होते. तराजू खरा ठेवूनही भावात काय काय वळते होऊ शकते, याचा विचार त्यांना त्या घरात बसून करावा लागला.

“नाही कापणार,” ते म्हणाले. “आणि पुढच्या खेपेपासून माल घरी तोलून आणा, दादा. बाजारात वजन कमी भरलं तर तिथेच बोला.”

दोन्ही गोष्टी त्यांनी मुलाकडून वहीत लिहून घेतल्या. पाचच्या सुमारास सर्वांची जेवणे झाली. बाहेर झड सुरूच होती.