पोपटीला तिथी नसते

डिसेंबरात शाळेकडून नाताळच्या सुट्टीची सूचना येते, घरात मार्गशीर्षातल्या गुरुवारचा घट मांडला जातो, आणि पुढे कधीतरी पनवेलच्या बाजारात वालाच्या शेंगांचे ढीग दिसू लागतात. पहिल्या दोन गोष्टी कॅलेंडरात छापलेल्या असतात. तिसरी शेंगेच्या मर्जीवर. दाणा भरला की पोपटी लावायची. तिला तिथी नाही, देव नाही, भटजी नाही. आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी नुसतं ‘शेंगा आल्या’ एवढंच टाकतं आणि घासाघीस सुरू होते. गुरुवार नको, कोंबडी चालणार नाही. चतुर्थी नको, आत्याचा उपवास. शनिवारी डोंबिवलीकरांना सुट्टी नाही. शेवटी उरतो तो रविवार.

पनवेलची थंडी ती केवढी! पंखा पाचावरून दोनवर आणण्यापुरती. पण पोपटीला एवढीही पुरते. आगीजवळ बसायला निमित्त मिळालं, की झालं.

ज्यांनी ती खाल्लेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मातीचं मडकं घ्यायचं. तळाशी भांबुर्डीचा पाला दाबून बसवायचा. त्यावर धुतलेल्या अख्ख्या शेंगा, जाडं मीठ आणि हातावर चोळलेला ओवा. मग बटाटे, कांदे, रताळी, अंडी. वाटण लावलेल्या कोंबडीच्या पुड्या केळीच्या पानात बांधून मधोमध ठेवायच्या आणि वरून पुन्हा शेंगा. पाण्याचा थेंब नाही, तेल नाही. शेंगांच्या आणि पाल्याच्या अंगच्या ओलाव्यावरच सगळं शिजतं. तोंडाशी पाला गच्च कोंबायचा, मडकं जमिनीवर पालथं घालायचं, भोवती पेंढा, सुकी पानं, गोवऱ्या रचून पेटवायचं. अर्ध्या-पाऊण तासाने काका मडक्यावर पाणी शिंपडतात. चर्र होऊन ते क्षणात उडालं, की पोपटी झाली. पाणी रेंगाळलं, तर आणखी पेंढा. घड्याळाकडे कुणी बघत नाही.

त्या अर्ध्या-पाऊण तासातच या प्रकाराची खरी गंमत आहे. झाकण उघडून बघता येत नाही, ढवळता येत नाही, चव घेऊन मीठ वाढवता येत नाही. चांगला स्वयंपाक करणारीलाही तिथे करण्यासारखं काही उरत नाही. सणाच्या दिवशी घरातल्या बायका ओट्याशी आणि बाकीचे बाहेर, ही आपली जुनी वाटणी. पोपटीत ती आपोआप मोडते. शेंगा निवडायला मुलं, पुड्या बांधायला आई, आग सांभाळायला काका आणि मग सगळेच रिकामे. एरवी एका घरात राहून न बोललेल्या गोष्टी त्या रिकामपणात निघतात. कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरतं, कुणाच्या लग्नाचा विषय निघतो, कुणाशी तरी वर्षभराचा अबोला ‘जरा तो पेंढा दे’ एवढ्यावर सुटतो.

याला आपण आता कौतुकाने परंपरा म्हणतो. माझ्या आजोबांना हे ऐकून हसू आलं असतं. त्यांच्या लेखी ते शेतातलं खाणं होतं. भात कापून झालं, की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरायचा. पुढे त्याला दवाचा आधार. मळणीचा पेंढा खळ्याशी पडलेला, भांबुर्डी बांधावर आपसूक उगवलेली, मीठ खारेपाटातल्या मिठागरांचं. विकत काय ते मडकं. जे हाताशी होतं ते पेटवलं आणि जे हाताशी होतं ते खाल्लं. पोपटीचा साधेपणा पोपटीचा नव्हताच; तो भोवतालच्या शेताचा होता.

ते शेत गेलं. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि पनवेल-उरणच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या जाऊ लागल्या. जानेवारी १९८४ मध्ये, भर पोपटीच्या दिवसांत, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरले. गोळीबारात पाच जण गेले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क त्या लढ्यातून मिळाला. १८५२ ची पनवेल नगरपालिका २०१६ मध्ये महानगरपालिका झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. या सगळ्याने घरं पक्की झाली, मुलं शिकली. त्याबद्दल गळा काढण्यात अर्थ नाही. पण साडेबारा टक्क्यांत इमारत उभी राहते, वाल उभा राहत नाही.

म्हणून आता पोपटीची प्रत्येक वस्तू मिळवावी लागते. शेंगा मंडईतून, पेंढा ओळखीच्या तबेल्यातून, गोवऱ्या आणखी कुठून. आग पेटवायला जागा म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरीची मनधरणी. यापेक्षा फार्महाउसवर पैसे भरून तयार मडकं खाणं सोपं आणि त्यात वाईट काही नाही. देशावर हुरड्याचंही असंच झालं आहे. वलसाडकडे गुजराती लोक मडक्यातलं उंबाडियू लावतात, ते हायवेवर विकत मिळतं. चव तिथेही असते. फक्त तिथे आपण गिऱ्हाईक असतो, त्यामुळे कुणी कुणाला पेंढा मागत नाही.

मला वाटतं, सोय होती तोवर ती सवय होती. गैरसोय सुरू झाल्यावरही घरातली माणसं ती करत राहिली, तेव्हा कुठे ती परंपरा झाली. त्यामुळे पूर्वीसारखं राहिलं नाही या तक्रारीत मी फारसा सामील होत नाही. आजोबांना पोपटी लावायला काहीच ठरवावं लागलं नाही. आम्हाला दर वर्षी ठरवावं लागतं, आणि ठरवणाऱ्याचं श्रेय थोडं जास्तच असतं.

एक गोष्ट मात्र अजून विकत मिळत नाही, निदान आमच्या भाजीवालीकडे तरी नाही. ती म्हणजे भांबुर्डी. सातबारा कुणाच्या नावावर आहे याच्याशी तिला देणंघेणं नाही. रिकाम्या भूखंडांवर, पत्र्याच्या कुंपणाआड ती उगवते. पान चुरगळून नाकाशी धरलं, की उग्र वासावरून ओळखू येते. कृती मोबाइलवर शंभर जागी सापडेल. हा वास दाखवायला बरोबर कुणीतरी लागतं. म्हणून आमच्याकडे सध्या एक नियम आहे : जी मुलं सकाळी पाला खुडायला येतील, त्यांनीच मडकं उपडं करायचं आणि पहिली पुडी त्यांची. उशिरा उठणाऱ्यांना शेंगा आहेतच.