जीभ कुठे टेकते?

धुळ्याच्या कॉलेजात मी बी.ए.च्या मुलांना इंग्रजीचं ध्वनिशास्त्र शिकवतो. साक्री, शिंदखेडा, शिरपूर, पारोळा या भागांतून मुलं येतात, बहुतेकांच्या घरी अहिराणी. परीक्षेपुरतं सगळं पाठ असतं: प्रमाण ब्रिटिश इंग्रजीत 44 ध्वनी, 24 व्यंजनं, 20 स्वर, ‘पी’ म्हणजे अघोष, द्वयोष्ठ्य, स्फोटक. पण हवा नेमकी कुठे अडली आणि कुठून सुटली असं विचारलं की वर्ग गप्प.

म्हणून तक्ता मी नंतर काढतो. आधी फळ्यावर क, ख, ग, घ लिहितो. कंठापासून ओठांपर्यंत आलेले पाच वर्ग, प्रत्येकात आधी अघोष, मग घोष, शेवटी अनुनासिक. 1886 साली पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय ध्वनिशास्त्र संघटनेचा तक्ता ओठांकडून घशाकडे जातो, दिशा तेवढी उलटी. ही मांडणी मुलांनी पहिलीतच घोकलेली असते, त्यामागचं कारण मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

त्यानंतर अहिराणी. आमच्याकडे ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘केळी’ची ‘केयी’. शाळेत या ‘य’वरून कुणी हसलं नाही असा मुलगा मला क्वचितच भेटला. मी तोच ‘य’ फळ्यावर घेतो. ‘ळ’ म्हणताना जिभेचं टोक मागे वळतं. ‘य’ला टोक खालीच राहतं, जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलला जातो. बहिणाबाई चौधरींच्या लेवा बोलीतही ‘वढाळ’ला ‘वढाय’च म्हणतात, आणि जळगावच्या विद्यापीठाला 2018 पासून त्यांचंच नाव आहे. ज्याला हा फरक स्वतःच्या जिभेवर जाणवला, त्याला इंग्रजी ‘टी’ची जागा लवकर सापडते. आपला ‘त’ दातांवर, ‘ट’ वळलेल्या जिभेने वर टाळूला. ‘टी’ या दोहोंच्या मधे, वरच्या दातांमागच्या हिरडीवर. ‘चमचा’तला ‘च’ म्हणा, जीभ जवळपास तिथेच टेकते.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’वर. आपला एकच ‘व’ दोन्हीकडे चालतो, त्यामुळे ‘वेस्ट’ आणि ‘व्हेस्ट’ सारखेच ऐकू येतात. ‘व्ह’ लिहिण्याच्या रीतीने गोंधळ वाढवलाय असं माझं मत आहे: मुलं त्यात ‘ह’चा श्वास घालतात, आणि ‘व्ही’त तो नसतोच. मी छोटे आरसे वाटतो. ‘व्ही’ला खालचा ओठ वरच्या दातांना लागलेला दिसला पाहिजे, हवा घासत बाहेर यायला हवी, गळ्यावर ठेवलेल्या बोटांना कंप लागायला हवा. ‘डब्ल्यू’ला ओठ गोल होतात, दातांचा संबंधच येत नाही. शिरपूरकडची एक मुलगी आरशात बघता बघता म्हणाली, “सर, हे कानांनी नाही, डोळ्यांनी कळतंय.” त्या तासाला तिने मागच्या बाकावरच्या सगळ्यांकडून ते करवून घेतलं.

‘पी’साठी ओठांपुढे कागदाचा कपटा धरतो. ‘पिन’ म्हणताना तो हलायला हवा, ‘स्पिन’ला जवळजवळ नाही.

स्वरांना आरसा फारसा कामाचा नाही. ‘शिप’ आणि ‘शीप’ यांत लांबीबरोबर जिभेची उंचीही बदलते, आणि ती दिसत नाही. तिथे दोघा-दोघांच्या जोड्या करतो: एकाने म्हणायचं, दुसऱ्याने पाठ फिरवून ओळखायचं. लेखी परीक्षेत याला गुण नाहीत, तरी निम्मा तास मी यालाच देतो.