उष्टावणाची वाटी

दिवाळी अंक आणि फराळ यांची सोयरीक फार जुनी आहे. एका हातात अंक आणि दुसऱ्या हातात चकली अशा थाटात तुम्ही या घटकेला बसला असाल, तर खुशाल तसेच बसा. तुमच्या हातातली चकली काढून घेण्याचा माझा मुळीच विचार नाही. मी स्वतः मात्र हल्ली अर्धीच चकली खातो. ती खायला मला दहा मिनिटे लागतात, आणि ती संपली म्हणजे मी तृप्त होऊन हात धुतो. २०२३ सालापर्यंत मला ओळखणाऱ्या माणसाला हे विधान निव्वळ थट्टेचे वाटेल. त्या काळी चकल्यांचा डबा माझ्यापासून लपवून ठेवावा लागे, आणि जिथे लपवला असेल तिथून मी तो शोधून काढीत असे.

त्या वर्षी माझे वजन १२८ किलो होते आणि उंची साडेपाच फूट. केटले नावाच्या एका बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाने १९व्या शतकात एक हिशेब सांगून ठेवला आहे : किलोतले वजन घ्यावे आणि त्याला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागावे. माझा भागाकार ४५ येई. आपल्यासारख्या आशियाई माणसांचा हा आकडा २५च्या पुढे गेला की त्याला लठ्ठपणा समजावे, आणि २७.५ पासून शस्त्रक्रियेचा पर्याय पुढे ठेवावा, असे २०२२ साली या विषयातल्या शल्यचिकित्सकांच्या संघटनांनी सांगितले. आमच्या घरात अर्थात हा भागाकार कुणी केला नव्हता. आईच्या मते मी 'खात्यापित्या घरचा' दिसत होतो. साखरेची गोळी, रक्तदाबाची गोळी, जिना चढताना कुरकुरणारे गुडघे ही सगळी वयाची देणगी, असे आम्ही ठरवून टाकले होते.

हे समाधान एका सकाळी मोडले. चहाचा कप पुढे ठेवताना पत्नी म्हणाली, "अहो, रात्री तुमचा श्वास थांबतो."

"मी घोरतो, हे ठाऊक आहे मला," मी म्हटले.

"घोरता तोवर मी झोपलेली असते. घोरणे थांबले की मला जाग येते. मग मी मोजत बसते. काल तेवीसपर्यंत मोजले."

"हे केव्हापासून?"

"झाली असतील आठ-नऊ वर्षे," असे म्हणून ती गाळणे धुवायला आत गेली.

अंगाला तारा लावून झोपण्याची तपासणी झाली, तेव्हा तासाला ४२ वेळा श्वास अडतो असे निघाले. नाकावर बसवायचे यंत्र मिळाले. ते मी झोपेत ओढून फेकून देई. पथ्ये, उपास, पहाटेचे फिरणे हे सारे यापूर्वी करून झाले होते. दर खेपेला आठ किलो उतरत आणि दहा चढत. शेवटी आम्ही साताऱ्याहून पुण्याला एका शल्यचिकित्सकांकडे गेलो.

त्यांनी कागदावर जठराचे चित्र काढले आणि त्यातला सुमारे पाऊण भाग पेन्सिलीने खोडून टाकला. उरली ती केळ्यासारखी एक नळी. ही 'स्लीव्ह' शस्त्रक्रिया. दुसरी 'बायपास'; तीत जठराची एक छोटी पिशवी वेगळी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात, आणि ज्यांना छातीत फार जळजळते त्यांना बहुधा तीच सुचवतात. स्लीव्हमध्ये जठराचा जो भाग जातो, त्यातच भुकेचा निरोप मेंदूला धाडणारे घ्रेलिन नावाचे द्रव्य मोठ्या प्रमाणात तयार होते. जपानी शास्त्रज्ञांनी ते १९९९ साली शोधले. म्हणजे पोट लहान होते आणि भुकेचा तगादाही कमी होतो. मी हे कौतुकाने ऐकत होतो, तोच डॉक्टरांनी विचारले, "तुमच्या घरी स्वयंपाक कोण करते?"

"आई."

"मग पुढच्या खेपेला त्यांना घेऊन या."

या शस्त्रक्रियेसंबंधी मला जे जे सल्ले मिळाले, त्यांत हा सर्वांत मोलाचा. जो कुणी या वाटेने जाणार असेल त्याने आपल्या घरच्या अन्नपूर्णेला पहिल्याच दिवशी बरोबर न्यावे. आई आली. सगळे ऐकून घेऊन तिने एकच प्रश्न विचारला, "म्हणजे हा आता पोटभर कधी जेवायचाच नाही का?"

"आजी, रोज पोटभर जेवेल. पोट तेवढे वाटीएवढे असेल."

परतताना खंबाटकी घाट लागेपर्यंत ती गप्प होती. घाटात ती एकदाच पुटपुटली, "वाटीएवढे!"

तयारीला दोन महिने गेले. दुर्बिणीने जठराची तपासणी, सोनोग्राफी, रक्त, हृदय, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ अशी सगळी दारे चढून उतरलो. विम्याचे कागद मी आधीच नीट वाचले, हे बरे केले. आकडा ४० किंवा त्याहून अधिक हवा, अथवा ३५ आणि जोडीला मधुमेहासारखा गंभीर विकार हवा, आणि डॉक्टरांचा लेखी सल्ला हवा, अशा त्यात अटी असतात. माझ्याबरोबर तपासणीला येणाऱ्या एका गृहस्थांची तारीख, ते सिगारेट सोडीपर्यंत लांबणीवर टाकली होती. धुराने जखम भरायला वेळ लागतो. मला तीन रंगीत चेंडूंचे एक यंत्र मिळाले. नळीने श्वास ओढून ते चेंडू वर उचलायचे. शस्त्रक्रियेनंतर छातीत कफ साचू नये म्हणून ही कसरत. शिवाय पुढे ज्या सवयी लावून घ्यायच्या त्या आधीच सुरू करा, असे आहारतज्ज्ञ बाईंनी बजावले होते : लहान चमचा, प्रत्येक घास २०-२५ वेळा चावणे, जेवताना पाणी नाही.

शेवटचे दोन आठवडे केवळ पातळ आहार. लठ्ठ माणसाचे यकृतही चरबीने फुगलेले असते आणि ते जठरावर पसरून बसते. या पथ्याने ते आकसते आणि सर्जनला वाट मिळते. आता माझी शस्त्रक्रिया ठरली होती ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, आणि २०२३ साली श्रावण अधिक आला होता! म्हणजे धोंड्याचा महिना. सासऱ्यांनी फोन केला, "जावईबापू, वाण घ्यायला यायचे. तेहतीस अनारसे तयार आहेत." मी गेलो. पाटावर बसलो, ताम्हणातल्या अनारशांना नमस्कार केला, आणि सासूबाईंनी डोळ्यांत पाणी आणून दिलेले ताक प्यालो. अनारसे मेहुण्यांनी संपवले.

शस्त्रक्रियेविषयी सांगण्यासारखे माझ्याजवळ फारसे नाही, कारण मी झोपलो होतो. पोटावर पाच लहान छिद्रे पडली आणि त्याच संध्याकाळी मला व्हरांड्यात चालवले. चालण्याने पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो. नवल खरे तर पुढे होते. औषधाच्या बाटलीवरच्या टोपणाने मोजून, घोट घोट करीत, दर पाव तासाला पाणी प्यायचे. सबंध तांब्या घटाघटा रिचवणारा मी टोपणभर पाण्याशी तन्मय होऊन बसे. दिवसाकाठी दीड-दोन लिटर भरेपर्यंत हाच उद्योग. पाणी कमी पडले की चक्कर आलीच.

आधी शहाळे आणि वरणाचे निवळ पाणी, मग दूध, ताक आणि प्रथिनांची भुकटी, असे दोन आठवडे गेले. तिसऱ्या आठवड्यात घोटलेल्या अन्नाची परवानगी मिळाली, त्या दिवशी आईने मऊ मुगाचे वरण केले आणि माझ्यासमोर एक चिमुकली चांदीची वाटी ठेवली. मी ती ओळखली नाही. "तुझ्या उष्टावणाची आहे," ती म्हणाली. "मामाने आणली होती. तेव्हाही तू एवढेच खाल्लेस आणि तोंड फिरवलेस." मी चार चमचे खाल्ले आणि तोंड फिरवले. तिने वाटीत उरलेल्या वरणाकडे पाहिले आणि पदराने डोळे टिपले. चोपन्न वर्षांच्या मुलाला ज्या हाताने तिने वाढवले, तो हात आता वाटीपाशी अडला होता, आणि त्या हाताने दुसरे काय करावे हे तिला कळत नव्हते. हे दुःख शस्त्रक्रियेच्या कोणत्याही पुस्तिकेत छापलेले नसते.

मग आली नारळी पौर्णिमा. राखी बांधायला ताई आली ती नारळीभाताचा डबा घेऊन. "एक चमचा, माझ्या हातचा," ती म्हणाली. मी एक घेतला. आणि खरे सांगायचे तर दुसरा आपण होऊन घेतला. पाचच मिनिटांत छातीच्या मध्यभागी जणू कुणी खुंटी ठोकली. तोंडाला फेस आला, घाम सुटला, आणि तो भात वर येईपर्यंत मला उठता की बसता येईना. ताई रडू लागली. डॉक्टरांना फोन झाला. वेदना लगेच ओसरली म्हणून निभावले. ती राहिली असती, ताप आला असता, नाडी धावू लागली असती किंवा उलट्या थांबल्या नसत्या, तर तसेच पुण्याला न्यायचे होते. टाक्यांतून गळती होणे आणि सततच्या उलट्यांनी जीवनसत्त्वे घटणे, दोन्ही जिवावर बेततात. अशा वेळी 'सकाळपर्यंत पाहू' म्हणणे नाही.

आई त्या वेळी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तिने कंबर कसली. वहीत आहारतज्ज्ञ बाईंचा हिशेब उतरवून घेतला : रोज निदान ६० ग्रॅम प्रथिने, आणि ताटात पहिला घास त्यांचाच. १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८, अंड्यात ६, कपभर दुधात ६-७. आधी पनीर, उसळ, घट्ट वरण, मग भाजी, पोळीभाताचा नंबर शेवटी, आणि तो बहुधा लागत नसे. जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही. गोळ्यांचे वेळापत्रक तिने देवघराच्या दारावर चिकटवले. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचे अंतर, लोहाच्या आसपास चहा नाही, ब-१२ आणि ड जीवनसत्त्व चुकवायचे नाही. आणि हे सारे जन्मभर. ठराविक काळाने रक्ततपासणी. साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या भराभर कमी होत गेल्या, पण त्या डॉक्टरांनी कमी केल्या. आपल्या मनाने नव्हे. अंग दुखले तरी दुकानातून वेदनाशामक आणायचे नाही, आधी विचारायचे. तिसऱ्या महिन्यानंतर केस गळू लागले तेव्हा मी घाबरलो. ते पुढे थांबले. या वाटेने जाणाऱ्या लेकीसुनांना मात्र एक वेगळी सूचना असते : पुढचे वर्ष-दीड वर्ष दिवस राहू देऊ नयेत.

आणि पाहुण्यांसाठी आईने स्वतःचा एक नियम केला. गणपतीत माझ्या पानावर कुणी दुसरा मोदक ठेवू लागले की ती पुढे होऊन म्हणे, "त्याला आग्रह करायचा नाही. माझ्याकडे द्या." हे वाक्य तिच्या तोंडून ऐकणे म्हणजे काय, हे ज्यांनी तिच्या पंगतीत जेवण केले आहे त्यांनाच कळेल. तुमच्या घरी असा कुणी जेवायला आला तर त्याला लहान ताटली द्या, निवांत खाऊ द्या, आणि 'एवढेच?' हा शब्द गिळून टाका. त्याचे पोट खरोखरच भरलेले असते.

वर्षभरात मी ८८ किलोवर आलो. आज ९१ आहे. ते तीन किलो चिवड्याचे आहेत. घट्ट अन्न लहान पोटाला बजावते. चिवडा, शेव, आइस्क्रीम ही मंडळी मात्र काही न बोलता सुळकन खाली उतरतात. सर्जनने पोटाची भूक कमी केली, डोळ्यांची माझी मलाच करायची आहे, आणि कंटाळलेल्या संध्याकाळी ती अजून हात धरून डब्यापाशी नेते. तेव्हा मी चपला घालून अजिंक्यताऱ्याच्या दिशेने चालू लागतो. दर खेपेला जमतेच असे नाही.

पण मला आठवते ती २०२३ची दिवाळी. नरकचतुर्दशीची पहाट होती. दर वर्षी आमच्या घरात सर्वांत आधी उठून पाणी तापवणारी माझी पत्नी त्या दिवशी उठलीच नव्हती. आई तेलाची वाटी आणि उटणे घेऊन खोलीच्या दाराशी आली. मी पलंगावर बसून होतो. आदल्या आठवड्यात झोपेची तपासणी पुन्हा झाली होती आणि श्वास अडण्याचे प्रमाण फार खाली आले होते. बाहेर फटाके वाजू लागले होते, आणि ही भिंतीकडे तोंड करून गाढ झोपली होती.

"उठवू का तिला?" मी हळूच विचारले.

आईने मान हलवली. "झोपू दे," ती म्हणाली, "पाणी मी ठेवते."

अभ्यंगस्नान झाल्यावर तिने माझा फराळ आणला. चांदीच्या त्या वाटीत पाव करंजी होती.