झोपाळ्यावरचे पाढे

दुपार कलली की माजघरातल्या झोपाळ्याच्या पितळी कड्या करकरू लागत आणि त्या लयीत धाकट्या भावाचा आवाज वर-खाली होत राही... सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. आजही एखाद्या जुन्या घरात तो कोरडा, तेलाला आसुसलेला आवाज कानावर आला की माझ्या मनात सतराचा पाढा आपोआप सुरू होतो. झोपाळा थांबला की पाढा अडे. आई मुद्दाम कड्यांना तेल घालत नसे. करकर चालू आहे म्हणजे अभ्यास चालू आहे, एवढं तिला चुलीपाशी बसून कळे.

शाळेत झोपाळा नव्हता. तिथे हाताची घडी, तोंडावर बोट. बाकाखाली त्याचा पाय थरथरत राही, पेन्सिलीचं टोक तुटे, ते शोधायला तो वाकला की फळ्यावरचं निम्मं पुसलेलं असे. वहीत पहिली चार गणितं बिनचूक, पुढे पान कोरं आणि कोपऱ्यात आगगाडीचे डबे. प्रगतिपुस्तकात दरवर्षी तोच शेरा येई : हुशार आहे, पण लक्ष नाही. तो शेरा वाचताना त्याचा चेहरा कसा मिटत जाई! लक्ष तर त्याचं होतंच. पावसाचा पहिला थेंब, बाहेरून जाणारी सायकल, बाईंच्या बांगड्या, सगळ्यांकडे एकाच वेळी.

चौथीच्या बाईंनी त्याला खिडकीपासून उठवून आपल्या टेबलाजवळ बसवलं. काही सांगण्याआधी त्या त्याचं नाव घेत, थांबत, त्याची नजर आली की मग एकच गोष्ट सांगत. दहा गणितं एकदम कधीच देत नसत. तीन सोडव, मला दाखव, मग पुढची तीन. बरोबर आलं की शाबासकी तिथल्या तिथे, उद्यावर ढकललेली नाही. बाकापासून टेबलापर्यंतच्या त्या चार पावलांत त्याला त्याचा झोपाळा सापडला. या साऱ्याला काही शास्त्र असेल, हे त्या बाईंना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी फक्त मुलाकडे नीट पाहिलं होतं.

शास्त्र मागून आमच्या घरी आलं. लंडनच्या जॉर्ज स्टिल या डॉक्टरांनी १९०२ मध्येच अशा मुलांचं वर्णन केलं होतं; बुद्धी शाबूत, पण मन एका जागी ठरत नाही. त्यांनीही दोष नैतिक संयमाच्या माथी मारला, आणि तो ठपका मुलांच्या खांद्यावरून अजून पुरता उतरलेला नाही. मुलांच्या या अवस्थेचं एडीएचडी हे नाव १९८७ सालचं. मग २००७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांना मेंदूच्या छायाचित्रांत दिसलं, की या मुलांच्या मेंदूचं बाह्यपटल त्याच वाटेनं वाढतं, मात्र पूर्ण जाडीला पोहोचायला साधारण तीन वर्षं जास्त घेतं. आणि हा उशीर सर्वाधिक दिसतो तो कपाळामागच्या, स्वतःला आवरून धरणाऱ्या भागात. तीन वर्षं! शाळेच्या घंटेला तेवढी सवड कुठली?

भावाची लेक आता पाचवीत आहे. हे पुष्कळदा रक्तातून येतं, तसं तिच्यातही आलं. पण ती पाय हलवत नाही, जागेवरून उठत नाही, खिडकीबाहेर बघत गप्प बसून राहते. कुणाला त्रास नाही, म्हणून कुणाच्या ध्यानातही आलं नाही. मुलींच्या बाबतीत असं फार होतं, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. डॉक्टरांनी नुकतंच निदान केलं, तेव्हा वहिनी आधी रडली, मग वही घेऊन बसली.

येत्या शनिवारी पालकसभा आहे. आम्ही तिघंही जाणार आहोत. मागणं थोडंच आहे : जागा पुढच्या बाकावर असावी, शाळा सुटण्यापूर्वी तिनं गृहपाठ उतरवून घेतला की नाही ते कुणीतरी पाहावं, चाचणीला थोडा वेळ वाढवून मिळावा, आणि गणिताचं पान मधोमध दुमडून एका वेळी अर्धंच तिच्यापुढे ठेवावं.