चालकाचे हात

२००७ साली पीएमटी जाऊन पीएमपीएमएल आली, पण आम्ही जुने पुणेकर अजून पीएमटीच म्हणतो. कात्रजकडून येणारी सकाळची गाडी मी पद्मावतीला पकडतो आणि शिवाजीनगरला उतरतो. एवढ्या प्रवासात माणसे पुष्कळ भेटतात. बहुतेकांची आठवण मंडईपर्यंतसुद्धा टिकत नाही.

एका गृहस्थांची मात्र टिकली. ते स्वारगेटला चढत. जागा रिकामी असली तरी बसत नसत. दांडा धरून चालकाच्या पाठीशी उभे राहत आणि त्याच्या हातांकडे टक लावून बघत. मला आधी ते खिसेकापूच वाटले. (पुणेकराला संशय आधी येतो, ओळख मागून होते.)

शेवटी एकदा म्हणालो, "बसा ना काका, जागा आहे."

"नको. बसल्यावर हात दिसत नाहीत."

मग खालच्या आवाजात बोलले. २५ जानेवारी २०१२. स्वारगेट आगारातून एका चालकाने एसटीची गाडी पळवली आणि भर रस्त्यांतून बेफाम हाकली. ९ माणसे गेली. काका तेव्हा दुधाची पिशवी घेऊन रस्त्याच्या कडेला उभे होते.

"काचेमागे कोणीतरी आहे, एवढंच दिसलं. चेहरा नाही, हात नाहीत."

उतरताना ते चालकाला म्हणाले, "बरंय, येतो." रोजच म्हणत असावेत, माझे लक्ष त्या दिवशी गेले.

महिना झाला, ते दिसत नाहीत. परवा गाडी अर्धी रिकामी होती. चालक आरशात बघत म्हणाला, "सर, बसा की!"

मी दांडा धरून उभा होतो.